पाठीतल्या गाठी दाबायचा लाकडी आकडा: सुरुवात टोकापासून करा

घरी पाठ दाबायचं साधन बनवायला घेणारे बहुतेक जण आधी त्याचा आकार ठरवतात. कुठेतरी फोटो पाहिलेला असतो, तसा छान वळणदार आकडा फळीवर काढतात, कापतात, घासतात, पॉलिश मारतात. मग लक्षात येतं की टोक दुखऱ्या जागेच्या चार बोटं वर लागतंय. किंवा लागतंय बरोबर, पण दाबायला इतका जोर करावा लागतो की जो खांदा मोकळा करायचा तोच आणखी आखडतो. आकडा खुंटीला लागतो आणि माणूस पुन्हा लाटण्याकडे वळतो.

क्रम उलटा हवा. आधी जागा, मग टोक, मग त्या टोकावरचा दाब, मग हात कुठे धरायचे ते. एवढं ठरलं की या सगळ्यांना जोडणारा बाक काढायचा. बाक आपण निवडायचा नसतोच, तो मापांतून निघतो.

इथे जो आकडा बनवायचा आहे तो खांद्यावरून मागे जातो आणि पाठीचा कणा व खांद्याची पात यांच्या मधल्या पट्ट्यात पोचतो. दिवसभर कीबोर्डवर किंवा शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्यांची हीच जागा भरून येते आणि नेमका तिथेच स्वतःचा हात पोचत नाही. पोटरी आणि तळपायासाठी आखूड मुठीचं साधन पुरतं. त्याबद्दल शेवटी थोडं.

आणखी एक. गाठ ‘फोडायची’ ही कल्पना डोक्यातून काढून टाका. बोटाला लागते ती ताठ दोरी म्हणजे आखडलेल्या स्नायूचा पट्टा. त्यात नेमकं काय घडतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, पण दाबल्याने तिथे काही फुटत नाही. सोसवेल इतका दाब एका जागी धरून ठेवला की दुखणं काही वेळ कमी होतं आणि मान वळवणं सोपं जातं, एवढाच हिशेब आहे. त्यामुळे टोक बोथट हवं, जागेवर स्थिर राहायला हवं आणि दाब हळूहळू सोडता यायला हवा. टोकदार साधन जास्त काम करतं असं मानणाऱ्यांच्या पाठीवर निळे डाग तेवढे जास्त दिसतात.

टप्पा १: हे दुखणं दाबण्याजोगं आहे का?

उसण भरली, मान धरली, पाठ आखडली, अशा दुखण्यासाठी हे साधन आहे. बोटाने दाबल्यावर ‘हो, इथेच’ असं वाटतं, दाब सोडला की बरं वाटतं, आणि दुखणं बसण्या-वाकण्याच्या सवयीप्रमाणे कमीजास्त होतं. असं असेल तर पुढे चला.

पुढच्यांपैकी काही असेल तर साधन बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा:

- हातापायाला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, हातात किंवा पायात खाली उतरणारी कळ
- छातीत दडपण, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं. इथे थांबायचंच नाही, थेट इस्पितळ गाठायचं
- कातडीखाली सरकणारी किंवा वाढत जाणारी, न दुखणारी गाठ
- ताप, अलीकडे पडल्याचा मार, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं
- एकाच पोटरीला सूज, हाताला गरम लागणं, लाली

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, किंवा गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय दाबू नका. आई-वडिलांसाठी बनवून देत असाल तर ही यादी त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘काही होत नाही रे’ हे उत्तर धरायचं नाही.

सावध: मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागावर, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागच्या खळग्यात, कोपराच्या आतल्या बाजूला, थेट कण्याच्या मण्यांवर आणि कमरेच्या वर बरगड्या संपतात तिथे मागच्या बाजूला हे टोक कधीही लावायचं नाही. तिथे रक्तवाहिन्या, नसा, मूत्रपिंडं अशा गोष्टी आहेत.

टप्पा २: टिकली लावून जागा पक्की करा

जागा अंदाजाने धरणं ही पहिली मोठी चूक. पाठीवर दुखतं एका ठिकाणी आणि आपण बोट दाखवतो दुसरीकडे, हे नेहमीचंच आहे.

एक टेनिस बॉल जुन्या मोज्यात घाला. मोज्याचं तोंड हातात धरून चेंडू खांद्यावरून मागे सोडा आणि भिंतीला पाठ टेकून, गुडघे किंचित वाकवून, वरखाली सरका. सगळ्यात जास्त दुखणारी जागा सापडली की थांबा. आता घरातल्या कुणाला तरी त्या जागी अंगातल्या घट्ट बनियनवर टिकली चिकटवायला सांगा. ढगळ शर्टावर लावली तर हात हलला की टिकली दोन बोटं सरकते.

हेच तीन वेगवेगळ्या दिवशी, एकदा सकाळी आणि दोनदा संध्याकाळी, करा. दरवेळी दोन मापं लिहून ठेवा: खांद्याच्या माथ्यापासून टिकलीपर्यंतचं सरळ खाली अंतर, आणि कण्यापासून टिकलीपर्यंतचं आडवं अंतर.

तपासणी: तिन्ही दिवशीची खालची अंतरं एकमेकांपासून तीन सेंटिमीटरच्या आत असतील तर त्यांची सरासरी धरा. जागा दरवेळी फिरत असेल तर एका लाकडी आकड्याने भागणार नाही, आणि सध्या तुमच्यासाठी मोज्यातला चेंडूच बरा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण आठ दिवसांची मेहनत वाचते.

टप्पा ३: टोक ठरवा

खरी कारागिरी इथे आहे. बाक थोडा वेडावाकडा झाला तरी चालतो, टोक चुकलं तर सगळंच वाया जातं.

हिशेब साधा आहे. टोकावर चार किलोचा जोर दिला आणि ते दहा मिलिमीटर व्यासाचं सपाट टोक असेल, तर अंगाला टेकणारी जागा ०.७९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोच्या वर दाब. तोच चार किलोचा जोर वीस मिलिमीटरच्या टोकावर दिला तर जागा ३.१४ चौरस सेंटिमीटर आणि दाब सव्वा किलो. व्यास निम्मा केला की दाब चौपट. म्हणूनच ‘जरा बारीक करू, चांगलं लागेल’ म्हणून घासत गेलेलं टोक एका संध्याकाळीत छळाचं हत्यार बनतं.

टोक सपाट ठेवू नका, घुमटासारखं गोल ठेवा. सपाट टोकाची कड रुतते. पाठीच्या या पट्ट्यासाठी तीस ते पस्तीस मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचा घुमट बहुतेकांना मानवतो. अंगाने बारीक असाल तर चाळीसकडे जा, कारण हाडावरचं मांस कमी असतं. भरलेली पाठ असेल तर पंचवीसपर्यंत उतरता येतं. त्याखाली पाठीसाठी जाऊ नका.

हे अनुभवूनच ठरवायचं आणि त्यासाठी खरादीकडे (लाकूड फिरवून गोल करणाऱ्या कारागिराकडे) जायची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानात ड्रॉवरचे गोल लाकडी नॉब मिळतात. पंचवीस, तीस आणि चाळीस मिलिमीटरचे एकेक घ्या. केरसुणीच्या जाड दांड्याचा हातभर तुकडा घेऊन त्याच्या टोकाला नॉब मागून स्क्रूने बसवा आणि घरातल्या कुणाला तरी टिकलीच्या जागी कपड्यावरून हळू दाबायला सांगा. तुम्ही डोळे मिटून फक्त आकडा सांगायचा: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. कोणता नॉब लावलाय हे तुम्हाला कळू देऊ नका. मोठा नॉब पाहून मन आधीच ‘हा कमी दुखणार’ ठरवून टाकतं.

ज्या नॉबला जोर वाढवत नेल्यावर पाच-सहापर्यंत सहज पोचता येतं आणि दुखणं ‘पसरट, बरं वाटणारं’ असतं, तो तुमचा. जो एकदम तीनवरून आठवर उडी मारतो, तो लहान आहे.

सावध: ज्या नॉबला स्क्रू समोरून आरपार जातो तो घेऊ नका. स्क्रूचं डोकं कितीही खोल बसवलं तरी वापरून लाकूड झिजतं आणि धातू वर येतो.

टप्पा ४: तुमचा जोर वजनकाट्यावर मोजा

आता निवडलेला नॉब लावलेला तोच दांडा घ्या, घरातला वजनकाटा टेबलावर ठेवा आणि त्यावर टोक टेकवून दाबा. दोन किलो, चार किलो, सहा किलो हाताला कसे लागतात ते शिकून घ्या. मग टप्पा ३ मधला प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी दाबणाऱ्या माणसाने आधी काट्यावर सराव केलेला असू दे. तुमचा पाच-सहाचा आकडा किती किलोला येतो ते कळेल. ढोबळ चाललं तरी हरकत नाही, अर्ध्या किलोचा घोळ होणारच.

हा आकडा लिहून ठेवा. पुढे लाकडाची जाडी आणि शेवटची चाचणी यावरच बेतायची आहे. यापुढच्या उदाहरणांत तो सहा किलो धरला आहे.

टप्पा ५: खांद्याची मापं आणि पुठ्ठ्याचा नमुना

चार मापं हवीत.

पहिलं, खांद्याची जाडी. भिंतीला पाठ टेकून उभे राहा. छातीच्या वरच्या भागाला, गळपट्टीच्या हाडाखाली, एक जाड पुस्तक उभं टेकवा. भिंतीपासून पुस्तकापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यात चार सेंटिमीटर मिळवा. टोकाचा घुमट आणि पुढचा दांडा यांमधलं मोकळं अंतर एवढं हवं. थंडीत स्वेटर घालणारे असाल तर पाच मिळवा.

दुसरं, मागची उतरण. टप्पा २ मधली सरासरी घ्या आणि त्यात तीन सेंटिमीटर मिळवा. बाक खांद्याला टेकता कामा नये. तो वर तीनेक सेंटिमीटर तरंगत राहायला हवा, नाहीतर दाबताना लाकूड मानेच्या बुडाशी घासतं.

तिसरं, हातांच्या जागा. खांदे सैल सोडा, कोपरं बरगड्यांना टेकवा आणि दोन्ही मुठी छातीसमोर आणा, एक वर आणि एक खाली. मुठी जिथे आपसूक येतात तिथे खांद्याच्या माथ्यापासून किती खाली आहेत ते मोजा. वरची मूठ साधारण छातीच्या मध्यावर आणि खालची बेंबीच्या जरा वर येते.

हे तिसरं माप लोक हमखास गाळतात, आणि सगळं काम त्याच्यावरच आहे. दोन्ही हातांनी दांडा छातीपासून पुढे ढकलायचा आणि त्याने मागचं टोक पाठीत रुतवायचं, अशी या आकड्याची रीत आहे. पुढे ढकलताना छातीचे आणि दंडाच्या मागचे स्नायू काम करतात, खांद्याचा माथा सैल राहू शकतो. हातांची जागा फार वर ठेवली की खांदे कानाकडे चढतात आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू ताठ होतो. मग तुम्ही एका हाताने जे सोडवताय तेच दुसऱ्या हाताने आवळताय.

चौथं माप मुठीचं. अंगठा आणि मधलं बोट जुळवून कडं करा. दांड्याची मूठ त्या कड्यात बसून थोडी सैल राहील इतकी असावी. बहुतेकांना तीस ते पस्तीस मिलिमीटर रुंद आणि चोवीस-पंचवीस जाड असा लांबट गोल बरा पडतो. पूर्ण गोल मूठ हातात फिरते आणि टोक तिरकं होतं, म्हणून लांबट गोलच घ्या.

आता फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर पुढच्या दांड्याची सरळ रेघ, मागच्या हाताची (म्हणजे आकड्याच्या पाठीमागे उतरणाऱ्या भागाची) समांतर रेघ आणि दोन्हींना जोडणारी अर्धगोल कमान काढा. मागच्या हाताच्या खालच्या टोकाला नॉबची जागा दाखवा. नॉबचं तोंड बरोबर पुढच्या दांड्याकडे, काटकोनात हवं. सगळ्या अंगाची रुंदी चार सेंटिमीटर ठेवा. पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवा आणि कापा.

नमुना खांद्यावर घालून कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. फोटो महत्त्वाचा. आरशात बघायला मान वळवली की खांदा फिरतो आणि सगळं माप खोटं ठरतं.

तपासणी, फोटोत बघून:

- टोक टिकलीवर आहे का?
- टोकाची दिशा पाठीला काटकोनात आहे का? तिरकं असेल तर दाबताच ते कातडीवरून वर किंवा खाली घसरेल.
- कमानीखाली तीनेक सेंटिमीटर फट दिसते का?
- कोपरं बरगड्यांजवळ आणि खांदे खाली आहेत का?

एकाचंही उत्तर नाही असेल तर पुठ्ठा पुन्हा कापा. पुठ्ठा फुकट आहे, सागवान नाही. उंची आणि बांधा वेगळा असलेल्या नवरा-बायकोला एकच आकडा सहसा जमत नाही, हेही पुठ्ठ्यावरच कळून येतं.

टप्पा ६: लाकूड आणि त्याच्या रेषा

एका फळीतून आकडा कापून काढणं ही दुसरी मोठी चूक. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीत उभ्या जातात. कमानीच्या माथ्यावर मात्र आकड्याचं अंग आडवं होतं, म्हणजे रेषा तिथे अंगाला आडव्या पडतात. लाकूड रेषांच्या दिशेने जितका ताण सोसतं, त्याच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी ताण आडव्या दिशेने सोसतं. आणि ढकलताना सगळ्यात जास्त ताण नेमका कमानीच्या माथ्यावर येतो. टोक माथ्याच्या अठरा सेंटिमीटर खाली आणि जोर सहा किलोचा असेल तर तिथे १०८ किलो-सेंटिमीटरचा वाकवणारा भार (जोर गुणिले अंतर) येतो. घरी बनवलेले आकडे तुटतात ते जवळजवळ नेहमी तिथेच, बिस्किटासारखे आडवे.

उपाय थरांचा आहे. आठ मिलिमीटरच्या तीन फळ्या घ्या. बाहेरच्या दोघींच्या रेषा दांड्याच्या लांबीत ठेवा आणि मधलीच्या आडव्या. कमानीच्या माथ्यावर मधला थर ताण घेतो, सरळ दांड्यात बाहेरचे दोन घेतात. मधली फळी एवढी रुंद सलग मिळत नसेल तर तुकडे कडेला कड लावून जोडा, पण जोड कमानीच्या माथ्यावर येऊ देऊ नका.

आणखी मजबुती हवी असेल तर जाडी वाढवण्याआधी कमानीच्या अंगाची रुंदी वाढवा. आकड्याच्या प्रतलातली रुंदी दुप्पट केली की वाकण्याविरुद्धची ताकद चौपट होते, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून कमानीत चार सेंटिमीटर ठेवा आणि मुठीकडे उतरत आणा.

लाकूड सागवानाचं किंवा शिसवीचं घ्या, चांगलं मुरलेलं. मुरलंय की नाही हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं: तुकडा दर चार दिवसांनी तोला, दोन-तीनदा वजन सारखं आलं की काम सुरू करा. कोकणात पावसाळ्यात ही तपासणी फसवी ठरते, कारण हवाच ओली असते. जमलं तर थंडी पडेपर्यंत थांबा.

पहिला आकडा प्लायवूडचा करायलाही हरकत नाही. बारा मिलिमीटरचे दोन तुकडे चिकटवले की चोवीस होतात आणि आडवे-उभे थर आयतेच मिळतात. मात्र आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायमध्ये कीड लागू नये म्हणून रसायनं मुरवलेली असतात. तो घासताना मास्क लावा आणि आकडा कपड्यावरूनच वापरा.

सावध: जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान मोहात पाडतं. त्यात तुटलेले खिळे असतात, लोहचुंबक फिरवून बघा. आणि जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, त्यामुळे रंग घरात कोरडा घासू नका. सागवान आणि शिसवी या दोन्हींच्या भुश्श्याने काहींच्या अंगाला खाज सुटते. भुसा मनगटाला चोळून एक दिवस बघा.

टप्पा ७: चिकटवणं आणि कापणं

आधी चिकटवा, मग कापा. उलट केलं तर तीन कमानी कधीच एकमेकींवर नीट बसत नाहीत.

लाकूडकामाचा फेविकॉल दोन्ही बाजूंना पातळ, सलग लावा. फळ्या घसरू नयेत म्हणून पुठ्ठ्याच्या आकाराबाहेरच्या भागात दोन खिळे अर्धे ठोका. सी-क्लॅम्प लावताना खाली-वर भंगार फळी ठेवा, नाहीतर वळ उठतात. कडेने गोंदाचे बारीक थेंब सगळीकडून बाहेर आले पाहिजेत. जिथे आले नाहीत तिथे आत पोकळ आहे. रात्रभर तसंच राहू द्या, पावसाळ्यात पूर्ण दिवस.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा ठेवून पेन्सिलीने आखा आणि खिळे काढा. जिगसॉने (विजेवरच्या छोट्या करवतीने) कापताना रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून चला. कमानीच्या आतल्या बाजूला पातं अडकतं, म्हणून आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडून घ्या. जिगसॉ नसेल तर नाक्यावरच्या सुताराकडे पुठ्ठा घेऊन जा. ‘रेघेबाहेरून काप, घासणार मी’ एवढं सांगायला विसरू नका, सवयीने तो बरोबर रेघेवरच पातं लावतो.

टोक बसवण्यासाठी मागच्या हाताच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूने, दहा मिलिमीटरचं भोक पंचवीस मिलिमीटर खोल पाडा. नॉबच्या सपाट बाजूलाही तेवढंच रुंद भोक पाडा, पण समोर बाहेर येणार नाही इतकंच खोल. दहा मिलिमीटरचा लाकडी डॉवेल (गोल खुंटी) दोन्हींत बसवा. लगेच चिकटवू नका. कोरडा बसवून पाठीला लावून बघा आणि टोकाची दिशा पटली तरच गोंद लावा. खरादी ओळखीचा असेल तर डॉवेलसकट घुमट एकाच तुकड्यातून काढून घ्या. सावंतवाडीसारख्या खरादकामाच्या गावी हे काम कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

टप्पा ८: घासणं आणि तेल

कानशीने कडा गोल करा. मुठीच्या आणि कमानीच्या कडा कमीत कमी सहा मिलिमीटर त्रिज्येच्या करा. मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४० या क्रमाने. क्रमांक गाळू नका, ८० वरून थेट २४० वर गेलात तर ओरखडे तेल लावल्यावर दिसतात. १८० नंतर ओलं फडकं फिरवा, वाळू द्या, तंतू उभे राहतील, ते २४० ने काढा.

तपासणी: जुनी नायलॉनची ओढणी सगळ्या अंगावरून ओढा. कुठेही धागा अडकला तर तिथे कूस आहे.

वर जवसाचं तेल अगदी पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या, पुन्हा एकदा. खोबरेल किंवा तिळाचं तेल नको. ती वाळत नाहीत, चिकट राहतात आणि खवट वास मारतात. चकचकीत मेलामाइन किंवा पीयू पॉलिश मारू नका, घामाने मूठ निसटते. लाखेचं काम करून घेतलंत तर सॅनिटायझरने पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

सावध: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतं आणि पेटू शकतं. पाण्यात भिजवून, पसरून, बाहेर वाळवा.

टप्पा ९: बादलीची चाचणी

पाठीवर जोर देऊन दाबण्याआधी आकड्याने तुमच्या जोराच्या तिप्पट वजन पेललं पाहिजे. सहा किलोवाल्यांसाठी अठरा.

दांडा भक्कम टेबलावर आडवा ठेवून क्लॅम्पने दोन जागी आवळा. कमान टेबलाच्या कडेबाहेर आणि टोकाची बाजू खाली, म्हणजे वजन आकड्याला उघडू पाहील. वापरतानाही तसंच होतं. टोकाच्या मुळाशी दोरी बांधून रिकामी बादली लोंबकळत ठेवा, जमिनीपासून चार बोटं वर. एका बादलीत अठरा लिटर मावत नसेल तर दोन बांधा. आता मगाने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, वर बादलीचं वजन धरा. पाय खाली ठेवू नका.

अठरा किलोला पाच मिनिटं थांबा. ‘कट्’ असा आवाज, गोंदाच्या रेघेत फट, डॉवेलपाशी हलणं, यांपैकी काहीही झालं तर तो आकडा बाद. त्यावर फेविकॉल भरून वापरायचं नाही. वाकून परत सरळ झाला तर ठीक आहे, लाकूड थोडं लवतंच.

टप्पा १०: पहिला आठवडा

कपड्यावरून वापरा. टोक टिकलीच्या जागी टेकवा, खांदे खाली सोडा, श्वास सोडत दांडा पुढे ढकला. दहापैकी पाचला थांबा. तीस सेकंद धरा, जास्तीत जास्त साठ, आणि हळूच सोडा. एका बैठकीत दोन-तीन जागा पुरे. एकाच जागेवर दिवसातून दोनदा जाऊ नका. घासायचं नाही, गोल फिरवायचं नाही, फक्त धरायचं.

दुसऱ्या दिवशी किंचित अवघडल्यासारखं वाटलं तर चालेल. निळा डाग उठला, बधिरपणा आला किंवा कळ हातात उतरली तर बंद.

इथे तीन तक्रारी नेहमी येतात. टोक घसरतंय: दिशा काटकोनात नाही, टप्पा ७ मध्ये टोक आधी कोरडं बसवून बघायचं ते याचसाठी. खांदा आणखी दुखतोय: हात वर धरले जातायत, मुठीच्या जागी सुतळीचे चार वेढे घालून खूण करा. काहीच वाटत नाही: टोक मोठं आहे असं ठरवण्याआधी बघा की ते खांद्याच्या पातीच्या हाडावर तर टेकत नाही ना.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर

मापं तीच. आकडा आडवा झोपवून छापा, म्हणजे थर कमानीच्या वळणाबरोबर जातील. उभा छापला तर थरांच्या जोडात तुटतो, लाकडातल्या आडव्या रेषांसारखाच. भिंती (बाहेरच्या कडेचे थर) पाच-सहा ठेवा, आतली भरण वाढवण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते तापमान सहज गाठलं जातं, तेव्हा पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक बरं. बादलीची चाचणी प्लास्टिकलाही चुकत नाही.

पोटरी आणि तळपायासाठी आखूड साधन

इथे बाक नाही, त्यामुळे अर्धे टप्पे गळतात. बारा सेंटिमीटरची आडवी मूठ आणि मधोमध सहा-सात सेंटिमीटरचा दांडा, इंग्रजी टी अक्षरासारखं. दांड्याच्या लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीतच हव्यात. तळपायाला वीस मिलिमीटरचा घुमट चालतो, पोटरीला तीस. दाब तळहाताच्या बुडाने द्यायचा, बोटांनी नाही, म्हणून मुठीची वरची बाजू सपाटसर ठेवा. पोटरीत शिरा फुगलेल्या असतील तर त्यांवर लावू नका. घरात काशाची वाटी असेल तर तळपायाला ती तूप लावून चोळायला चांगलीच आहे. पण तिने एका जागी दाब धरून ठेवता येत नाही, त्यामुळे टाचेजवळची एखादी नेमकी दुखरी जागा असेल तरच हे दुसरं साधन बनवायला घ्या.